गुलाबसिंग आडेंचं वीस नंबरचं टोकन

गुलाबसिंगभाऊ आडे कमीला घाबरत नाहीत. जास्तीला घाबरतात. हे आधी सांगून ठेवलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल.

ही भीती त्यांना मारेगावला लागली. जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेच्या तिथल्या शाखेत ते रोखपाल म्हणून बसले त्याला अकरा दिवस झाले होते. वय तेवीस. संध्याकाळी रोकड मोजली तर शंभराची एक नोट जास्त निघाली. गुलाबसिंगभाऊ उठले, शाखाधिकाऱ्यांच्या टेबलापाशी गेले आणि पोरगं आईला निकाल सांगतं त्या आवाजात म्हणाले, "साहेब, शंभर रुपये जास्त आहेत!"

शाखाधिकारी होते बाबाराव. बाबाराव नाकातून बोलायचे आणि दर वाक्यानंतर चष्मा काढून पुसायचे. त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकायला वेळ काढून बसावं लागे. ते म्हणाले, "आडे, कमी निघाले अस्ते तर मी घरी गेलो अस्तो." चष्मा. "कमी म्हणजे तुम्ही वेंधळे. एवढंच." चष्मा. "जास्त म्हणजे काय, ते मला म्हाईत नाही. आणि जे म्हाईत नाही त्याच्यासोबत मी एका इमारतीत राहत नाही." चष्मा. "कुणाचे आहेत ते शोधा."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. गुलाबसिंगभाऊंनी सायकल घेतली आणि आदल्या दिवशी पैसे काढून नेलेल्यांची घरं एकेक करून पालथी घातली. तिसऱ्या गावात मथुराबाई नावाची म्हातारी निघाली. तिला शंभर कमी गेले होते आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. भाऊंनी नोट पुढे केली. ती म्हणाली, "बँकेचा माणूस सायकलीवर घरी आला तं मले वाटलं कोणी मेलं. पुन्हा असा येऊ नोको बाप्पा." आणि नोट घेऊन तिनं दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून गुलाबसिंगभाऊंचं एक ठरलं. जास्त निघालं की ठेवायचं नाही, टाकायचंही नाही. कुणाचं आहे ते शोधायचं.

मारेगावहून ते उमरखेडला गेले, उमरखेडहून पुसदला, आणि पुसदच्या शाखेत शाखाधिकारी झाले. त्या शाखेत पितळी टोकनं होती. एक ते तीस. स्लिप दिली की टोकन मिळायचं, आणि नंबर पुकारला की खिडकीशी जायचं. सरपंच असो, सावकार असो, कोणी असो, नंबर म्हणजे नंबर. एकदा खुद्द भाऊंचे सासरे आले. जावई शाखाधिकारी म्हणून मोठ्या ऐटीत काचेच्या दारातून थेट आत शिरले. भाऊ खुर्चीवरून उठले, सासऱ्यांच्या पाया पडले आणि त्यांच्या हातात चोवीस नंबरचं टोकन ठेवलं.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. भाऊंची बायको लालीबाई अजून भांडण झालं की तिथूनच सुरुवात करते. लालीबाईला राग आला की ती बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलते, आणि फार राग आला की मराठीत. हे वाक्य मराठीत असतं. "माह्या बापाले चोवीस नंबर देल्ला तुमी!"

"तेवीस जण आधी आलते," भाऊ म्हणतात. बावीस वर्षं हेच उत्तर आहे. त्यांना दुसरं सुचलेलं नाही असं नाही. दुसरं खरं नाही.

पुढे बँकेत कॉम्प्युटर आले आणि टोकनं भंगारात निघाली. भाऊंनी वरच्या कार्यालयाला रीतसर अर्ज केला. चार महिन्यांनी उत्तर आलं: सदर वस्तू निरुपयोगी असल्याने आपणांस देण्यास हरकत नाही. ते पत्र त्यांनी लॅमिनेट करून घेतलं आणि टोकनांसकट घरी आणलं. निवृत्तीच्या समारंभात मिळालेली शाल कुठे आहे ते त्यांना सांगता येत नाही. पत्र कुठे आहे ते झोपेतून उठवून विचारा.

निवृत्त होऊन ते आपल्या तांड्यावर राहायला आले. पुसदपासून चौदा किलोमीटर, फाट्यावर उतरून पुढे तीन किलोमीटर पायी, चिंचघाट तांडा. घरं चौपन्न. तिथले नायक म्हणजे देवराव. वय सत्तर. देवराव नायक दोन शब्दांच्या मध्ये इतका वेळ थांबतात, की समोरचा घाबरून त्यांच्या वतीनं स्वतःच उत्तर देऊन टाकतो. निम्मा तांडा त्यांनी असाच चालवला आहे.

नायक एके सकाळी पाच माणसं घेऊन भाऊंच्या ओट्यावर येऊन बसले. चहा झाला. मग म्हणाले, "उभा राह्य."

भाऊ उभे राहिले.

"तसा नाही. पंचायत समितीले."

"मले भाषण देता येत नाही, नायक."

नायक थांबले. खूप थांबले. भाऊंना घाम फुटला. शेवटी नायक म्हणाले, "म्हणूनच."

चिन्ह मिळालं कपाट. भाऊंची सभा चार मिनिटांची असायची. ते उभे राहून म्हणायचे, "मी पुसदला होतो तेव्हा कोणाचं काम अडवलं नाही. फक्त नंबर आल्यावर केलं. आताही तसंच करीन. आठवीच्या पुढे आपल्या तांड्यावर शाळा नाही. नववी आणीन. बाकी काही सांगत नाही, कारण बाकी माझ्या हातात नाही. कपाट." आणि खाली बसायचे. लोकांना वाटायचं, मोठे पाहुणे यायचे असतील, म्हणून यांनी आवरतं घेतलं. पाहुणे कोणी यायचे नसायचे.

भाऊ सातशे अकरा मतांनी निवडून आले. आता सातशे अकरा हा आकडा ऐकून दुसरा माणूस गुलालात लोळला असता. गुलाबसिंगभाऊंचा चेहरा पडला. ते मोजणीच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "साहेब, फेरमोजणी पाहिजे."

"तुम्ही जिंकलात."

"तेच म्हणतो. मला इतके लोक ओळखत नाहीत."

"जिंकलेल्या उमेदवारानं फेरमोजणी मागितल्याचं मी सव्वीस वर्षांत ऐकलं नाही," साहेब म्हणाले. "गुलाल लावून घ्या आणि जा."

भाऊंनी गुलाल लावून घेतला, पण दोन महिने ते भेटेल त्याला विचारत होते, "तुम्ही मला मत दिलं होतं काय?" सगळे हो म्हणायचे. त्यानं आकडा आणखीच वाढला.

पाच वर्षं ओट्यावर टोकनं चालली. सकाळी आठ ते दहा. घरकुल, विहीर, म्हातारपणाचा पगार. ज्याचा जसा नंबर तसं काम. भाऊंचं उत्तरही ठरलेलं असे: "नियमात बसत असेल तर आजच अर्ज लिहू. बसत नसेल तर उद्याही नाही." लोक चिडायचे, पण एका कामाला दोन फेऱ्या पडत नाहीत म्हणून यायचे. या सगळ्यात नववी मात्र आली नाही. फाईल पुसदहून यवतमाळला गेली, यवतमाळहून अमरावतीला, आणि तिथून पुसदला परत आली, 'त्रुटी पूर्ण करावी' असं लिहून. त्रुटी कोणती ते लिहिलेलं नव्हतं.

मग मुदत संपली. पुढची निवडणूक लांबली ती लांबतच गेली. त्यामुळे भाऊ पुन्हा निवडून आले नाहीत आणि हरलेही नाहीत. माजी झाले, एवढंच.

पण नववीचं त्यांच्या डोक्यातून जाईना. त्यांनी शाळेचं रजिस्टर काढून सहा वर्षांची यादी केली होती. आठवी पास झालेल्या मुली एकतीस. त्यातल्या पुसदला नववीला गेलेल्या चार. तीन किलोमीटर पायी, फाट्यावर बसची वाट, संध्याकाळी परत तीन किलोमीटर. मुलगे जातात, मुलींना घरचे पाठवत नाहीत. बाकी सत्तावीस कुठे गेल्या ते यादीत एकेकीच्या नावापुढे लिहिलं होतं. बहुतेकींच्या पुढे एकच शब्द होता: सासरी.

तांड्यावरची शाळा एका संस्थेची होती. अध्यक्ष देवराव नायकच. सचिव वारले तेव्हा नायकांनी भाऊंना बोलावलं. "बस," म्हणाले. भाऊ बसले. "तसा नाही. सचिव म्हणून."

अशा रीतीनं गुलाबसिंगभाऊ शिक्षणक्षेत्रात आले.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी शाळेतल्या सगळ्यात वरच्या वर्गाच्या दाराशी फळी ठोकली, फळीला खिळे, खिळ्यांना टोकनं. पोरानं येताना आपलं टोकन घ्यायचं, जाताना परत लावायचं. मुख्याध्यापिका उज्ज्वला खंदारे मॅडमना हे आवडलं नाही. मॅडम साधं बोलल्या तरी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. त्या म्हणाल्या, "सर, हजेरीपट उपलब्ध असताना सदर टोकनांचं प्रयोजन काय?"

"हजेरीपटावर पोरगं घरी असलं तरी हजर राहू शकते, मॅडम. टोकन खिशात असलं की पोरगं तिथंच असते."

मॅडमनी विचार केला. "नोंद घेतली," म्हणाल्या.

आणि त्याच वर्षी, सात अर्ज आणि एकोणीस हेलपाट्यांनंतर, नववीचं पत्र आलं. भाऊंनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. नववीचा वर्ग एका वर्षाकरिता, अटीवर. दिवाळीनंतर तपासणी होईल. तपासणीच्या दिवशी वर्गात कमीत कमी वीस विद्यार्थी प्रत्यक्ष हजर दिसले पाहिजेत. दिसल्यास पुढच्या वर्षी दहावीही; न दिसल्यास वर्ग बंद, आणि मुलं पुसदच्या शाळेत.

जूनमध्ये नववीत चोवीस पोरं होती. पैकी तेरा मुली. दिवाळी झाली, ऊसतोडीच्या गाड्या लागल्या, चौदा घरं टोळीसोबत निघाली आणि त्यांच्यासोबत पाच पोरं गेली. राहिले एकोणीस.

तपासणी ठरली मंगळवारी.

विसावं पोर कुठून आणायचं याचा भाऊंनी सगळीकडून विचार केला. रस्ता एकच दिसला: श्रावण पवारची राखी. राखी आठवी पास झालेली, याच शाळेतून, वर्गात दुसरी. जूनपासून शेळ्या राखत होती. श्रावणकडे भाऊ आधी तीनदा जाऊन आले होते. हा श्रावण सरळ उत्तर कधी देत नाही. प्रश्नाला प्रश्न लावतो.

रविवारी भाऊ चौथ्यांदा गेले.

"श्रावण, राखीला शाळेत पाठव."

"कायले? कलेक्टर कराचं हाय काय तिले?"

"तिची इच्छा आहे."

"इच्छा म्हशीची बी असते. म्हणून तिले कोणी विचारते काय?"

"फी नाही, पुस्तकं फुकट."

"आन् शेळ्या? त्या कोण पाह्यन? तुमी?"

भाऊंनी यावर खरोखर विचार केला. "सकाळी आठ ते दहा मी पाहू शकतो," ते म्हणाले.

"दहानंतर?"

दहानंतर भाऊंना शाळा होती. ते उठले. राखी गोठ्याच्या दाराशी दोरी वळत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. वळलेली दोरी मात्र ती उलगडून पुन्हा वळत होती.

येताना भाऊ नायकांकडे थांबले. म्हणाले, "नायक, मंगळवारी सगळे पोट्टे शाळेत दिसले पाह्यजेत. नववी राह्यते का जाते, त्याच्यावर हाय. तेवढं तांड्यात सांगून ठेवजा." भाऊंच्या मनात होतं, एकोणीसपैकी एकही कापूस वेचायला जाऊ नये. एवढंच.

नायकांनी मान हलवली. मान हलवली म्हणजे पक्कं.

आता तांड्याची रीत अशी. सगळ्यांचं मिळून काम निघालं, विहिरीतला गाळ काढायचा म्हणा, कुणाच्या लग्नाचा मांडव म्हणा, की सांजेला नायकांचा हाताखालचा माणूस, कारभारी, गल्लीगल्लीत फिरतो आणि ओरडतो: "घरटी एक! घरटी एक!" मग दर घरातून एक माणूस द्यावाच लागतो. कोणता द्यायचा ते घर ठरवतं. पण एकदा दिला की काम पुरं होईपर्यंत त्याला परत बोलवता येत नाही. बोलावला, तर त्या घरच्या कामाला पुढे कोणी येत नाही. मांडव स्वतःच घाला आणि स्वतःच जेवा.

सोमवारी सांजेला भाऊ ओट्यावर बसून तपासणीचे कागद लावत होते, तेव्हा ती हाळी त्यांना ऐकू आली. "घरटी एक!" भाऊंना वाटलं, विहीर उपसायची असेल. त्यांनी पुढचा कागद घेतला.

मंगळवारी सकाळी नववीच्या वर्गात बेचाळीस माणसं बसली होती.

'माणसं' हाच शब्द बरोबर. पहिल्या तीन रांगांत खरी पोरं होती, एकोणीसच्या एकोणीस. त्यांच्या मागे, ज्या तेवीस घरांत नववीतलं कोणी नव्हतं, त्यांनी रीतीप्रमाणे दिलेला एकेक जण. तीन वर्षांचे दोघं, एक रडत. चार दिवसांपूर्वी लग्न झालेला राजकुमार, हाताला मेंदी, ओठावर मिशी, आणि मिशी झाकायला रुमाल. दोन भरल्या अंगाच्या बाया, एका बाकावर, बाक वाकलेला. आणि खिडकीपाशी रुक्माबाई. वय बहात्तर. घरात एकटीच, म्हणून स्वतः आली होती. तिनं कोणाची तरी वही मागून आणली होती आणि ती छातीशी धरून बसली होती.

दारात देवराव नायक उभे. भाऊंना पाहून म्हणाले, "वीस पाह्यजे होते न?" थांबले. भाऊंना बोलता येईना, म्हणून नायकांनीच पुरं केलं. "बेचाळीस देल्ले."

भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. मारेगावची ती संध्याकाळ जशीच्या तशी समोर उभी राहिली. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली.

विस्तार अधिकारी भगवानराव साहेब आत आले. हे साहेब कोणतंही बोलणं 'तसं पाहिलं तर' शिवाय सुरू करत नाहीत. ते वर्गाच्या दारात उभे राहिले, वर्ग पाहिला, आणि म्हणाले, "तसं पाहिलं तर संख्या चांगली आहे."

मग त्यांची नजर रुक्माबाईवर गेली. बराच वेळ तिथंच राहिली. "तसं पाहिलं तर... ह्या?"

रुक्माबाई ताडकन उभी राहिली. "हजर हाय, साहेब!"

साहेबांनी राजकुमारकडे पाहिलं. राजकुमारनं रुमाल वर सरकवला. मागच्या बाकावर तीन वर्षांचा विद्यार्थी "याडी, याडी" करत आईला हाका मारू लागला, आणि पुढच्या बाकावरच्या विद्यार्थिनीनं मागे वळून त्याला पदराखाली घेतलं.

उज्ज्वला मॅडम म्हणाल्या, "सदर बाबतीत..." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं वाक्य अर्धं राहिलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. तीन किलोमीटर खडीचा रस्ता त्यांनी नुकताच पाहिला होता. त्यांनी भाऊंना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "तसं पाहिलं तर आडेसाहेब, मला कमीत कमी वीस दिसायला पाहिजेत. जास्तीबद्दल पत्रात काही नाही. मी 'वीसहून अधिक' असं लिहितो, आणि मागच्या बाकांकडे मी काही चष्मा लावून पाहिलेलं नाही."

खरंच, चष्मा त्यांच्या खिशातच होता.

भाऊंनी वर्गाकडे पाहिलं. पुढच्या बाकांवर तेरापैकी दहा मुली बसल्या होत्या. हो म्हटलं की नववी राहिली. तेवढाच शब्द.

"लिहू नका साहेब," ते म्हणाले. "एकोणीस आहेत. तेवीस जास्त निघालेत."

मागे नायकांनी इतका मोठा श्वास सोडला, की पहिल्या बाकावरची वही उघडली गेली.

"मग तसं पाहिलं तर," साहेब वाईट वाटून म्हणाले, "मला एकोणीस लिहावे लागतील."

"पाच मिनिटं द्या. जास्त निघालं तर कुणाचं आहे ते शोधल्याशिवाय मला हिशेब बंद करता येत नाही."

त्या सकाळच्या गर्दीत पोरं टोकन घ्यायचं विसरली होती. भाऊंनी फळीवरून टोकनं काढली आणि एकोणीस पोरांना एकेक दिलं. एक ते एकोणीस. विसावं टोकन त्यांच्या हातात राहिलं. मग ते मागच्या बाकांकडे वळले आणि बँकेच्या खिडकीतून विचारावं तसं एकेकाला विचारू लागले. साहेब खुर्ची ओढून बसले. असं काही त्यांनी पाहिलं नव्हतं आणि पाच मिनिटं तर होतीच.

"नाव?"

"राजकुमार. तुमाले माहीत हाय न भाऊ."

"शिक्षण?"

"बारावी नापास."

"बाहेर."

दोन्ही बाया बाहेर. तीन वर्षांचे दोघं त्यांच्या कडेवर. शेळीवाला, दूधवाला, कारभाऱ्याचा मेहुणा, सगळे बाहेर. रुक्माबाई म्हणाली, "माही कोणतीच झाली नाही, पहिली बी नाही. मंग नववीतच बसली तं काय बिघडलं?" भाऊंनी तिला हाताला धरून दारापर्यंत नेलं. वही मात्र तिनं दिली नाही.

असे बावीस झाले. तेविसावी शेवटच्या बाकाच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसली होती. हातात वळलेली दोरी.

भाऊ थांबले. "नाव?" त्यांचा आवाज जरा बदलला होता, पण प्रश्न बदलला नाही.

"राखी श्रावण पवार."

"शिक्षण?"

"आठवी पास."

"कुठून?"

"इथूनच."

"घरून कसं पाठवलं?"

"बाबा अन् याडी कापूस वेचाले गेले. माहा मोठा भाऊ टोळीसंगं गेला. घरटी एक द्या लागत होता," राखी म्हणाली. "मीच उरली होती."

उज्ज्वला मॅडमनी कपाट उघडलं. आठवीचा दाखला तिथंच होता, जूनपासून कोणी न्यायला आलं नव्हतं. त्यांनी तो साहेबांच्या पुढे ठेवला आणि त्यांना आपलं वाक्य परत सापडलं. "सदर विद्यार्थिनीचा प्रवेश प्रलंबित होता."

"आजच दाखल आणि आजच हजर?" साहेब इतके चकित झाले की 'तसं पाहिलं तर' म्हणायचं राहिलं.

"खातं उघडलं त्याच दिवशी भरणा करता येतो, साहेब," भाऊ म्हणाले.

साहेबांनी खिशातून चष्मा काढला आणि लावला. दाखला वाचला. "नियमात बसतंय. पण पालकांची सही लागेल. आणि मी बारा वाजता निघणार."

राजकुमारला लग्नात मिळालेली मोटारसायकल बाहेरच होती. ती वावराकडे धावली आणि वीस मिनिटांत श्रावणला मागे बसवून परत आली. श्रावणच्या कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी तशीच बांधलेली. उतरल्या उतरल्या त्यानं सुरू केलं.

"म्या पोट्टी एका दिवसासाठी देल्ली का जल्माची देल्ली? आँ? सही कायची? कोणाले इचारून?"

भाऊ तोंड उघडणार, तर नायकांनी हात वर केला. नायक श्रावणच्या समोर येऊन उभे राहिले आणि थांबले. श्रावण आधी रागानं पाहत होता, मग नुसतं पाहत होता, मग जमिनीकडे.

"घरटी एक देल्ला," नायक म्हणाले, "तं काम व्हाच्या आधी माघारी नेता येते काय?"

श्रावणला जन्मात कोणी प्रश्नानं उत्तर दिलं नव्हतं. तो गडबडला. "नाही," म्हणाला. सरळ उत्तर. तांड्यावरच्या लोकांनी ते पहिल्यांदा ऐकलं.

"मंग?"

"पण काम कवा होते हे?"

नायकांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "दहावीचा निकाल. येता उन्हाळा वगळून त्यापुढील उन्हाळ्यात."

"तवा," नायक म्हणाले.

श्रावणनं दारातल्या लोकांकडे पाहिलं. राजकुमार, दोन्ही बाया, शेळीवाला, दूधवाला. जे आपापल्या घरून 'घरटी एक' म्हणून आले होते ते सगळे तिथंच उभे होते. पुढच्या वर्षी श्रावणच्या मोठ्या पोराचं लग्न होतं. मांडव घालायचा होता.

"आन् शेळ्या?" त्यानं शेवटचं विचारलं. आवाजात दम नव्हता.

"मी पाह्यीन शेळ्या," खिडकीतून रुक्माबाई म्हणाली. "मले तसंही वर्गातून काढलं. दहानंतर मले काय काम हाय? दहाच्या आधी गुलाबसिंग पाह्यन. तोच म्हणला न तुले?"

भाऊ तसं म्हणाले होते. म्हणाले ते म्हणाले.

श्रावणनं हाताचा कापूस झटकला आणि सही केली. भाऊंनी दुसरा कागद पुढे सरकवला. "आणखी एक. नमुन्याची." श्रावण त्यांच्याकडे पाहत राहिला. "उद्या तू म्हणशील ही माझी सही नाही," भाऊ म्हणाले. श्रावणनं तीही केली.

मग भाऊ शेवटच्या बाकाशी गेले. "वीस नंबर," त्यांनी पुकारलं, पुसदच्या शाखेत पुकारायचे तसं, भिंतीला लागून परत येईल असं. राखी उठली, पुढे आली आणि टोकन घेतलं. दोरी कुठे ठेवावी तिला कळेना. ती श्रावणनं घेतली.

साहेबांनी मोजलं. वीस. लिहू लागले, तर भाऊ म्हणाले, "पुन्हा मोजा."

"तसं पाहिलं तर गरज नाही."

"पुन्हा मोजा, साहेब."

साहेबांनी पुन्हा मोजलं. वीस.

घरी सगळी गोष्ट ऐकून लालीबाईनं ताट वाढलं. मग मराठीत म्हणाली, "श्रावणच्या पोट्टीले वीस अन् माह्या बापाले चोवीस."

"ती आधी आली," भाऊ म्हणाले, आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता गुलाबसिंगभाऊ आडे, निवृत्त शाखाधिकारी, माजी सदस्य, विद्यमान सचिव, श्रावण पवारच्या सात शेळ्या घेऊन शाळेच्या मागच्या टेकडीवर उभे होते. दहा वाजता त्यांनी त्या मोजून रुक्माबाईच्या ताब्यात दिल्या आणि शाळेत आले. फळीवरचे पहिले वीस खिळे रिकामे होते. थोड्या वेळानं रुक्माबाई शेळ्या हाकत खिडकीवरून गेली आणि आत डोकावून म्हणाली, "हजर."

"बाहेर," मॅडम मान वर न करता म्हणाल्या.

भाऊंनी वही उघडली आणि तारखेपुढे लिहिलं: नववी, वीस. कमी नाही. जास्त नाही.